नाव नसलेल्या झाडाची ओळख

पावसाळ्याच्या तोंडाशी बडनेऱ्याच्या एखाद्या नर्सरीत गेलात, तर गुलाब, जास्वंद, मोगऱ्याच्या गर्दीत हिरव्या जाळीखाली ठेवलेलं एक झाड नजरेत भरतं. पट्ट्यांसारख्या लांब, चकचकीत पानांचा गोल घेर, आणि त्या घेरातून वर आलेल्या दांड्यावर लालभडक तुरा. कुंडीवर नावाची पट्टी नसते. असलीच तर तिच्यावर फक्त किंमत. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘शोचं झाड हाय काकू. सावलीत ठेवा, रोज पानी घाला, काही होत नाही.’ आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडच्या हरितगृहांतून निघालेला माल दोन-तीन हात बदलत वऱ्हाडात पोहोचतो, आणि नाव वाटेतच कुठेतरी राहून जातं. नर्सरीवाल्याचा यात दोष नाही. पण त्याच्या सल्ल्यातलं ‘रोज पाणी’ या झाडाच्या जिवावर उठू शकतं, म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम ओळख पटवण्याचं.

हे झाड ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातलं. या कुळात साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि एक अपवाद सोडला तर सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांतल्या. अपवाद पिटकेर्निया फेलिशियाना या जातीचा. ती पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या खडकांवर वाढते. भारतात मूळची एकही नाही. कोलंबसाला अननस 1493 मध्ये ग्वादलूप बेटावर भेटला, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. पुढे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी हजारोंनी अननस निघतात. आग्र्याचा उन्हाळा अकोल्या-अमरावतीपेक्षा सौम्य नाही. तेव्हा ‘आपल्या उन्हात हे टिकायचं नाही’ असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. या कुळातली काही झाडं वऱ्हाडाचा मे महिना सोसतात, काही सोसत नाहीत. कोणतं सोसेल हे झाड स्वतःच सांगतं. पट्टीवरचं नाव हरवलं तरी पानांवरचा मजकूर शाबूत असतो, आणि तो वाचता आला की निगा कशी राखायची हे आपोआप कळत जातं.

आधी तोतये बाजूला काढू. शेताच्या धुऱ्यावरची घायपात, कुंडीतली कोरफड आणि शोभेचा पट्टेरी केवडा, या तिघांचीही पानं अशीच घेराने येतात. कोरफडीचं पान मोडलं की आत गर दिसतो. ब्रोमेलियाडच्या पानात तसा गर नसतो. घायपातीच्या पानाच्या टोकाला सुईसारखा टणक काटा असतो. केवड्याचं पान उलटं करून मधल्या शिरेवरून हलकेच बोट फिरवा. तिथेही काटे लागतात. ब्रोमेलियाडला काटे असलेच तर फक्त कडेला, मधल्या शिरेवर कधीच नाहीत.

आता कडेचीच परीक्षा. पानाची कड अंगठा आणि तर्जनीत धरून टोकाकडून बुडाकडे सावकाश सरकवा. कड गुळगुळीत लागली तर झाड बहुधा गुझमानिया किंवा व्रीसिया. करवतीसारखे दाते बोटाला अडले तर एक्मिया, निओरेगेलिया, बिलबर्जिया किंवा क्रिप्टँथस, नाहीतर शोभेचा अननस. एवढ्याशा परीक्षेवर कुळाची अर्धी वाटणी होते, आणि ती वरवरची नाही. गुळगुळीत कडेच्या गटाला सुकी बोंडं येतात आणि त्यांतून पिसांसारखे तंतू लावलेलं बी वाऱ्यावर उडतं. दातेरी गटातल्या या घरगुती झाडांना रसाळ फळं येतात, ती पक्षी आणि प्राणी खातात. अननस दुसऱ्या गटातला, हे लक्षात ठेवलं की विसर पडत नाही.

दुसरी खूण पानांच्या बुडाशी. घेराच्या मध्यात वाकून बघा. पानं एकमेकांना घट्ट बिलगून तिथे पेला तयार झाला आहे का? गुझमानिया, व्रीसिया, निओरेगेलिया, एक्मिया आणि बिलबर्जिया ही पेलेवाली झाडं. मूळ मुलखात ती उंच झाडांच्या फांद्यांवर बसतात, पाऊस पेल्यात साठवतात आणि पानांवाटेच पितात. मुळं मुख्यतः फांदी धरून ठेवायला. ती बांडगुळं मात्र नव्हेत. बांडगूळ आंब्याच्या फांदीत शिरून रस ओढतं; ब्रोमेलियाड यजमान झाडाचं काही घेत नाही, मेळघाटातल्या झाडांवरची आमरी घेत नाही तसंच. क्रिप्टँथस मात्र जमिनीवरचा. बुटका, चांदणीसारखा पसरट, पानांच्या कडा लाटालाटांच्या. त्याला पेला नसतो आणि तो मुळांनीच पाणी घेतो.

तुरा आलेला असेल तर प्रजाती ठरवणं सोपं जातं. तुऱ्याचा लाल-पिवळा रंग फुलांचा नसतो. बोगनवेलीसारखी ती रंगलेली पानं, म्हणजे छदं. खरी फुलं त्यांच्या आड येतात आणि लवकर कोमेजतात. ही छदं दांड्याभोवती चहूबाजूंनी चांदणीसारखी उमललेली असतील तर गुझमानिया. दोनच बाजूंना एकावर एक बसून तलवारीच्या पात्यासारखा चपटा तुरा झाला असेल तर व्रीसिया. राखाडी-रुपेरी पट्ट्यांची रुंद पानं, त्यांतून आलेला गुलाबी काटेरी गेंद आणि त्यात निळी-जांभळी बारीक फुलं, म्हणजे एक्मिया फॅसिआटा. दांडाच नाही, पेल्याभोवतीची पानं लाल झालेली आणि फुलं पेल्यातल्या पाण्याच्या पातळीवर दबून बसलेली, तर निओरेगेलिया. उंच, अरुंद नळकांड्यासारखा घेर आणि खाली झुकलेला, थोडेच दिवस टिकणारा फुलोरा, तर बिलबर्जिया.

नुसत्या रंगावर मात्र विसंबू नका. भरपूर उजेडात लालेलाल असलेली निओरेगेलिया अंधाऱ्या दिवाणखान्यात काही महिन्यांत हिरवी पडते. खत जास्त झालं तरी तेच होतं. माणसाला वाटतं, नर्सरीवाल्याने फसवलं. झाड तेच असतं, उजेड बदललेला असतो. शिवाय बाजारातली बहुतेक झाडं संकरित असतात, आणि लाल गुझमानियाचेच इतके संकर आहेत की नुसतं बघून नेमक्या वाणाचं नाव सांगणं जाणकारांनाही जमत नाही. अशा वेळी अंदाजाने एखादं भारदस्त नाव चिकटवू नये असं माझं ठाम मत आहे. चुकीचं नाव एकदा चिकटलं की पिल्लांबरोबर ते घरोघर जातं. ‘गुझमानिया, वाण अज्ञात, लाल तुरा, बडनेरा’ आणि आणल्याचा महिना एवढं पट्टीवर लिहिलं तर ती नोंद खरी असते आणि पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते.

निगेसाठी वाणाचं नाव लागतही नाही. पानाचा पोत पुरेसा आहे. अननस, एक्मिया, निओरेगेलिया यांची पानं जाड, ताठ, चामड्यासारखी. ही झाडं पानांवरची छिद्रं दिवसा बहुतेक मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा उजेडात वापरतात. भर दुपारी छिद्रं बंद असल्याने पाणी फारसं उडत नाही. आग्र्याच्या बागेतले अननस याच बळावर जगले. गुझमानियाचं पान त्या मानाने पातळ आणि मऊ. तिच्या बहुतेक जाती कोलंबिया-इक्वाडोरकडच्या कायम ओल्या जंगलांतल्या. त्या सर्वसाधारण झाडांप्रमाणे दिवसाच छिद्रं उघडतात आणि कोरड्या हवेत दमून जातात. म्हणजे ताठ आणि दातेरी पानाला सकाळचं कोवळं ऊन, चांगला उजेड आणि थोडा कोरडेपणा चालतो. मऊ आणि गुळगुळीत पानाला सावलीतला उजेड आणि ओलसर हवा लागते. पूर्वेच्या खिडकीत दोघांचंही भागतं. पश्चिमेची गॅलरी मार्चपासून दोघांनाही वर्ज्य. तिथे पेल्यातलं पाणी इतकं तापतं की पानांची बुडं उकडून निघतात.

आता पाणी. वऱ्हाडात ही झाडं मरतात ती बहुधा पाण्याच्या गुणामुळे, आणि दोष उन्हावर जातो.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा भातकुलीपासून दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडे पसरलेला आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातला खार पिकांनाही त्रास देतो. पट्ट्याबाहेरच्या बोअरचं पाणीही बऱ्याच ठिकाणी जड असतं. साधं झाड असं पाणी मुळांनी घेतं, माती थोडाफार क्षार अडवून धरते. पेलेवाल्या झाडाच्या पानांना असा आडोसा नाही. त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खवले असतात आणि ते पाणी थेट पितात. टिलँडसिया, म्हणजे नर्सरीत ‘एअर प्लांट’ म्हणून बिनमातीची मिळते ती, पाण्यात बुडवून बघा. रुपेरी दिसणारं पान बघता बघता हिरवं होतं, कारण कोरडे खवले उजेड परतवत होते, ते पाणी शोषून पारदर्शक झाले. एक्मियाच्या पानांवरची रुपेरी भुकटीही अशाच खवल्यांची. पुष्कळ जण ती धूळ समजून फडक्याने पुसून काढतात. ती धूळ नव्हे, आणि एकदा पुसली की त्या पानावर पुन्हा येत नाही.

पेल्यातलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. रोज वरून थोडं थोडं घालत गेलात की पेल्यात खारं पाणी साठत जातं. आधी पानांची टोकं तपकिरी होतात, मग पेल्याच्या काठाशी पांढरी रेघ उमटते, शेवटी गाभा काळा पडून मधलं पान हातात येतं. म्हणून उत्तम पाणी पावसाचं. पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यावेत आणि नंतरचं पाणी प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये, तोंडाला घट्ट कापड बांधून साठवावं. एक ड्रम दोन-तीन कुंड्यांना बराच काळ पुरतो. ते नसेल तर अप्पर वर्धा धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बरं, नाहीतर घरच्या आरओचं गाळलेलं. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नको. त्यात सगळा क्षार एकवटलेला असतो. उकळूनही हा क्षार जात नाही.

कूलरच्या टाकीतलं पाणीही तसंच वाईट. दिवसभर पाणी उडत राहतं आणि खाली अर्क उरतो. कूलरच्या वाळ्यावर साचणारे पांढरे थर त्याचेच. पाणी फुकट जाऊ नये म्हणून ते कुंड्यांत ओतण्याची आपल्याकडे सवय आहे. जास्वंदीला कधीमधी चालून जाईल, ब्रोमेलियाडला नाही. एसीचं ठिबकणारं पाणी क्षाराच्या बाबतीत निर्दोष, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून येऊ शकतं, आणि तांबं या कुळाचं वैरी. देवघरातल्या तांब्याच्या कलशातलं शिळं पाणीही याच कारणाने टाळावं.

तांब्याची ही गोष्ट ऐकीव नाही. 1940 च्या दशकात त्रिनिदाद बेटावर हिवताप फैलावत होता आणि त्याचा डास तिथल्या कोकोच्या मळ्यांत, सावलीसाठी लावलेल्या उंच झाडांवरच्या ब्रोमेलियाडच्या पेल्यांत वाढत होता. कॉलिन पिटेंड्रिघ या जीवशास्त्रज्ञाने त्या डासांचा बारकाईने अभ्यास केला. सजीवांच्या शरीरातल्या घड्याळाच्या शास्त्राचा एक जनक म्हणून तो पुढे नावारूपाला आला. ते पेले नष्ट करायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, फवारलं गेलं. ब्रोमेलियाड मेली, खालची कोकोची झाडं राहिली. आपल्याकडे वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत डिंक्या रोगावर खोडाला बोर्डो लावतात, त्यातही हाच मोरचूद असतो. घरात बागाईत असेल तर उरलेलं बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ‘बुरशी लागू नये म्हणून’ या कुंडीवर मारण्याचा मोह होतो. तो आवरावा.

डासांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि डेंगीच्या दिवसांत तो झटकून टाकता येत नाही. 2016 मध्ये फ्लोरिडातल्या मायामीत झिकाची साथ आली तेव्हा बागांतल्या ब्रोमेलियाडमध्ये एडिस डासाच्या अळ्या सापडल्या होत्या. इलाज सोपा आहे. अंड्यातून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आपल्याकडे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्याच दिवशी कुंडी आडवी करून पेला पूर्ण रिकामा करावा, चांगल्या पाण्याने विसळावा आणि तळाशी दोन बोटं पाणी घालावं. डासही गेले, साठलेला क्षारही गेला. ‘रोज पाणी घाला’ ऐवजी नर्सरीवाल्याने हे सांगायला हवं होतं. थंडीत, रात्री गारठा पडायला लागला की पेला जवळजवळ रिकामा ठेवावा. गार, तुंबलेल्या पाण्याने गाभा सडतो.

कुंडीत काळी माती मुळीच नको. कापसाला ती सोनं आहे, पण भिजली की लगदा, वाळली की दगड. हवेत वाढणारी मुळं तिच्यात गुदमरतात. धुतलेला कोकोपीट, नारळाच्या शेंडीचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचे बारीक खडे एकत्र करावेत. कुंडी लहानच असावी. मिश्रण नुसतं दमट राहील एवढंच पाणी वरून घालावं. खताची भूक या झाडाला फार कमी असते. शेतकऱ्यांच्या घरी असणारं 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा, तेही कुंडीत आणि पेला वगळून. निओरेगेलियाला तेवढंही नाही दिलं तरी चालतं, रंग टिकतो.

एप्रिल-मे कसा काढायचा याचं उत्तर वऱ्हाडाकडे फार आधीपासून आहे. अंजनगाव सुर्जीचे पानमळे बघा. नागवेल ही दमट प्रदेशातली वेल, आणि तरी ती या तापत्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पिकते. पांगरा, शेवरी यांची दाट सावली, चहूबाजूंनी वारा अडवणारं कुंपण आणि वरचेवर पाणी, एवढ्यावर मळ्याच्या आत वेगळीच हवा तयार होते. आत पाऊल टाकलं की बाहेरची झळ थांबते. घरात हेच लहान प्रमाणात करता येतं. ब्रोमेलियाड एकटी ठेवण्याऐवजी मनीप्लांट, फर्न, सिंगोनियम यांच्या घोळक्यात ठेवावी, खाली ओल्या वाळूचं ताट असावं, दक्षिण-पश्चिमेची झळ जाळीने अडवावी. कूलरच्या खोलीतली दमट हवा गुझमानियाला मानवते, मात्र झोताच्या समोर नको, बाजूला. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानांवर पावसाच्या पाण्याचा फवारा द्यावा.

पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड पानांच्या बेचक्यात बसली तर ओल्या कापसाने पुसून काढावी. निंबोळी तेल इतर झाडांना गुणकारी असलं तरी इथे नको, तेलाने पानांचे खवले बुजतात.

तुरा आला, काही महिने टिकला, मग हळूहळू तपकिरी झाला आणि पाठोपाठ पानंही सुकायला लागली, की घरातल्या बाईला वाईट वाटतं. आपल्याच हातून काही चुकलं असं तिला वाटतं. काही चुकलेलं नसतं. ब्रोमेलियाडचा एक घेर आयुष्यात एकदाच फुलतो आणि नंतर वर्षभरात किंवा थोड्या अधिक काळात संपतो. जाता जाता बुडाशी पिल्लं सोडतो. त्या काळात झाड फेकून देणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण पिल्लं आईच्याच पानांतून पोसली जात असतात. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं, की धारदार सुरीने बुडाशी कापून वेगळं करावं, एक दिवस सावलीत सुकू द्यावं आणि वरच्याच मिश्रणात उथळ लावावं. मुळं धरेपर्यंत ते डुगडुगतं. पऱ्हाटीच्या काडीला सैल बांधून ठेवलं की स्थिरावतं. गुझमानियाची पिल्लं पुष्कळदा पानांच्या बेचक्यात वर येतात, ती ओढून काढू नयेत. आईची सुकलेली पानं कापत जावं, पिल्लू तिची जागा घेतं.

पिल्लाला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. पूर्ण वाढूनही ते अडून बसलं तर एथिलीन वायूची मदत घेता येते. अझोर्स बेटांवरच्या अननसाच्या हरितगृहांत एकोणिसाव्या शतकात धूर कोंडून सगळी झाडं एकदम फुलवत. त्या धुरातला गुणकारी घटक हाच, आणि आपल्याकडे केळी पिकवण्याच्या खोल्यांत सोडतात तो वायूही हाच. घरी पेला रिकामा करावा, कुंडीवर एक पिकलेलं सफरचंद ठेवून सगळ्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि सावलीत आठ-दहा दिवस तशीच राहू द्यावी. तुरा दिसायला तिथून अडीच ते चार महिने लागतात. म्हणून वऱ्हाडात हा प्रयोग ऑगस्टमध्ये करावा, जानेवारीत नव्हे. ऑगस्टचा तुरा हिवाळ्याच्या तोंडाशी येऊन होळीपर्यंत टिकतो. जानेवारीत बांधलेल्या पिशवीचा तुरा नेमका एप्रिलच्या झळांत बाहेर येईल आणि उमलता उमलता करपेल.